पाठमोरं यंत्र

नाशिकच्या थंडीबद्दल पुण्यामुंबईच्या माणसांनी बोलू नये. ती इथे येतात ती भर दुपारी, रामकुंडावर पाय बुडवतात, शेरभर द्राक्षं खातात आणि घरी जाऊन सांगतात, "हवा फार छान हो तिकडची." त्यांनी पौषातली एक पहाट पंचवटीत, गोदेपासून हाकेच्या अंतरावर, उत्तरेकडे तोंड असलेल्या दगडी भिंतींच्या खोलीत काढावी आणि मग तोंड उघडावं. उघडलं तर दात वाजतील. निफाडला द्राक्षांच्या पानांवर बर्फ साचलं की वर्तमानपत्रात फोटो येतो. यज्ञेश्वरराव क्षेमकल्याणींच्या पुढच्या खोलीत बर्फ साचलं नाही, ते केवळ वर छप्पर होतं म्हणून. त्याचा फोटो कोण छापणार?

याच खोलीत वरखेडकरबुवांचा गळा बसला, आणि आपलं आख्यान तिथूनच सुरू होतं.

यज्ञेश्वरराव राहत त्या गल्लीत मुरलीधराचं देऊळ होतं, आणि पौषात तिथे सात दिवस वरखेडकरबुवांचं कीर्तन असे. ज्यांनी बुवांना ऐकलं नाही त्यांना काय सांगावं? पूर्वरंगात बुवा वेदान्त असा सोपा करून सांगत की भाजी निवडता निवडता आईनं सांगावा. मध्यंतरात हार घालून, बुक्का लावून घेऊन उत्तररंगात आख्यान लावलं, की सभेत उभी असलेली द्रौपदी आपल्यालाच हाक मारते आहे असं वाटून मागच्या रांगेतले पेन्शनर उपरणी सावरून बसत. आणि बुवांच्या मागे हातात झांज घेऊन उभे असत यज्ञेश्वरराव. बुवांनी पद टाकलं की त्याचं ध्रुपद, म्हणजे पालुपद, मागून उचलायचं ते यज्ञेश्वररावांनी. कचेरीत हेडक्लार्क असलेला हा माणूस वर्षातले बाकीचे दिवस केवळ हयात असे. जगायचा तो त्या सात दिवसांत. उतरायलाही बुवा त्यांच्याकडेच असत. बुवांची सकाळची दशमी, बुवांचं सोवळं, बुवांच्या हळदीच्या दुधातली मिऱ्याची चिमूट, यांत यज्ञेश्वरराव कुणाला हात लावू देत नसत.

गेल्या पौषात मात्र घात झाला. थंडी फार म्हणून यज्ञेश्वररावांनी बुवांच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवली, आणि ऊब जाऊ नये म्हणून खिडकी घट्ट लावून फटींत कापड कोंबलं. ऊब गेली नाही हे खरं. धूरही गेला नाही. तिसऱ्या दिवशी बुवांनी नमनाला तोंड उघडलं आणि आतून जो आवाज आला तो ऐकून मुरलीधरानंसुद्धा बासरी खाली ठेवली असती. उरलेले दिवस प्रवचनावर भागवावे लागले.

यंदा मार्गशीर्षात उत्सव समितीची सभा भरली, तेव्हा अध्यक्षांनी पान जुळवत सहज सांगावं तसं सांगितलं, "बुवांची उतरण्याची सोय यंदा दिवाकररावांकडे केली आहे."

दिवाकर गर्गे हे विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. यज्ञेश्वररावांच्या समोरच्याच घरात राहत. त्यांचं घर दक्षिणमुखी, दिवसभर ऊन. घरात फ्रिज. कीर्तनाला ते नेमानं येत, पण बसत दाराशी, आणि पूर्वरंगात त्यांना डुलकी लागे. अशा माणसाच्या घरी बुवा?

"का?" यज्ञेश्वररावांनी विचारलं.

"गळा हो," अध्यक्ष म्हणाले. "तुमची खोली म्हणजे शीतगृह. शेगडी लावली की धुराडं. आम्ही बुवांना बोलावतो ते गाण्यासाठी."

"खोली मी गरम करून देतो. धुराशिवाय."

"कशी?"

ते यज्ञेश्वररावांनाही ठाऊक नव्हतं. पण भरसभेत अपमान झालेला माणूस 'कशी' या प्रश्नापाशी थांबत नाही. शेवटी असं ठरलं, की बुवा यायच्या दिवशी पहाटे दिवाकररावांनी आपला शाळेतला तापमापक घेऊन यावं. खोलीत ऊब असली आणि धूर नसला तर बुवा यज्ञेश्वररावांकडे, नाहीतर समोर.

म्हणजे परीक्षा घेणारा कोण, तर ज्याच्या घरी बुवा जायचे तोच. याला न्याय म्हणतात.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही, आणि सल्ले यायला त्याहूनही कमी लागला. शेजारच्या सगुणाबाई ओट्यावर वाती वळत बसलेल्या असत. गल्लीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या, त्यामुळे सगळ्यांना अरेतुरे. त्या म्हणाल्या, "अरे यज्ञेश्वरा, भिंतींना आतून गोधड्या लाव. आमच्या आजेसासऱ्यांना तसंच ठेवलं होतं."

"मग?"

"मग काय? त्याच थंडीत गेले. पण उबेत गेले."

दूध घालणारा बहिरू म्हणाला, "काका, शेजारच्या खोलीत म्हैस बांधा. आमच्या गोठ्यात थंडी नाय वाजत. म्हैस म्हंजे जिती शेगडी हाय, अन् धूर नाय."

यज्ञेश्वररावांनी या सूचनेचा एक रात्रभर गांभीर्यानं विचार केला, हे त्यांच्या पत्नी श्यामलाबाईंनी नंतर चारचौघींत सांगितलं. ते त्यांनी सांगायला नको होतं.

मग विजेचा तारांचा हीटर उसना आणून पाहिला. तार लाल झाली, समोर बसलेल्याचं तोंड भाजलं आणि पाठ होती तशीच गार राहिली. यज्ञेश्वररावांनी त्याच्यापुढे बसून ध्रुपद म्हणून पाहिलं, तर दोन आवर्तनांतच घसा भाजलेल्या पापडासारखा कोरडा झाला. तेवढ्यात दोरीवर वाळत घातलेलं त्यांचं पूजेचं धोतर घसरून हीटरवर पडलं आणि त्याला मध्यभागी ताटलीएवढं भोक पडलं. हीटर परत गेला. भोक राहिलं.

आणि मग एके दिवशी साक्षात दिवाकररावांनीच वाट दाखवली. म्हणजे दाखवली असं ते म्हणतात. वस्तुस्थिती अशी, की यज्ञेश्वरराव त्यांच्याकडे उत्सवाची वर्गणी मागायला गेले होते आणि बसायला जागा नव्हती म्हणून फ्रिजला टेकून उभे राहिले. थोड्या वेळानं त्यांच्या पाठीला गोड ऊब जाणवू लागली.

"दिवाकरराव, हा फ्रिज बिघडलाय तुमचा. मागून गरम लागतोय."

दिवाकररावांनी चष्मा वर केला. निवृत्त शिक्षकाला विद्यार्थी सापडला की त्याच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते आलं. "बिघडला नाही. आतली उष्णता ओढून तो मागे टाकतो. उष्णता निर्माण करत नाही, नुसती उपसतो. विहिरीतून पंप पाणी उपसतो ना, तसा उष्णतेचा पंप."

"आत तर थंडी आहे. थंडीतून ऊब कशी निघेल?"

"थंडीतही असते. आपल्याला जाणवत नाही इतकंच. परदेशांत बर्फाळ मुलुखात घरं अशी तापवतात. बाहेरच्या गार हवेतली ऊब उपसून आत आणायची. धूर नाही, जाळ नाही."

यज्ञेश्वरराव पाठ फ्रिजला लावून स्तब्ध उभे राहिले. वाल्मीकीला नारद भेटले तेव्हा तोही असाच उभा राहिला असावा. "म्हणजे," ते हळूच म्हणाले, "एअरकंडिशनर आणला, आणि खिडकीत उलटा बसवला, तोंड बाहेर आणि पाठ आत, तर?"

दिवाकरराव हसले. "तत्त्वतः, होय," ते म्हणाले आणि आत चहाचं सांगायला गेले.

तेवढंच. एअरकंडिशनर यज्ञेश्वररावांच्या तोंडून निघाला. उलटा बसवण्याची गोष्ट यज्ञेश्वररावांच्या तोंडून निघाली. दिवाकररावांच्या तोंडून 'तत्त्वतः' निघालं. हे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावं, पुढे लागणार आहे.

त्या काळी नाशकात एअरकंडिशनर म्हणजे एखाद्या मोठ्या डॉक्टरच्या दवाखान्यात असायचा, तोही लोक तिकीट काढल्यासारखे बघायला जात. नवा घेणं शक्य नव्हतं. पण मालेगावला आग्रा रोडवर फकिरा नावाचा एक मेकॅनिक जुनी यंत्रं विकतो असं कळलं. श्यामलाबाईंनी फ्रिजसाठी म्हणून जे काही बाजूला टाकत आणलं होतं ते यज्ञेश्वररावांनी मागितलं.

"बुवांसाठी मागताय म्हणून देते," त्या म्हणाल्या. "पण अहो, थंडीत थंड करायचं यंत्र आणायचं, हे एकदा मला पुन्हा समजावून सांगा."

यज्ञेश्वररावांनी समजावलं. त्यांनी पुन्हा विचारलं. यज्ञेश्वरराव एसटीच्या वेळेचं निमित्त करून निघाले.

फकिराचं दुकान म्हणजे दोन ट्रकांच्या मधली सावली. एका यंत्रमागवाल्या शेटच्या केबिनमधून काढलेलं हिरवट रंगाचं एक धूड त्यानं दाखवलं आणि अस्सल अहिराणीत म्हणाला, "भाऊसाहेब, हाई मशीन एक नंबर शे. शेटले मे महिन्यात कांबळं लागे."

"मला उलटं बसवायचंय."

फकिरानं बिडी खाली ठेवली. "कसं?"

"थंड बाजू गल्लीत. गरम बाजू घरात."

"गल्ली थंडी कराले?"

"घर गरम करायला."

फकिरानं बिडी पुन्हा उचलली. मग म्हणाला, "गॅरंटी सुलट्या मशीनची शे भाऊसाहेब. उलट्याची तुमची तुम्ही पाहा." आणि त्यांचा विचार बदलायच्या आत त्यानं ते धूड दोघातिघांकडून टेम्पोत चढवूनही टाकलं.

वीज कचेरीतला प्रसंग सांगताना आजही यज्ञेश्वररावांचे कान लाल होतात. आयुष्यभर लोकांचे अर्ज परत पाठवलेल्या माणसाचा अर्ज परत यावा, हा अपमान कुणा परक्याला कळायचा नाही. जादा लोडची परवानगी लागते म्हणून ते रीतसर गेले. टेबलामागचा कारकून मफलर गुंडाळून बसला होता.

"एसी? आत्ता? पौषात?"

"थंडीसाठीच हवाय."

"थंडी आहेच की. आणखी कशाला?"

"म्हणजे थंडी घालवण्यासाठी."

कारकुनानं शेजारच्याला हाक मारली. शेजारच्यानं त्याच्या शेजारच्याला. चहा आला. सगळ्यांनी मिळून असा निर्णय दिला, की एसी हा थंड करण्याच्या रकान्यात येतो आणि हीटर गरम करण्याच्या. गरम करणाऱ्या एसीला रकाना नाही. "तुम्ही उन्हाळ्यात या," मफलरवाला म्हणाला. "मग लगेच देतो."

"उन्हाळ्यात मला तो लागणार नाही."

"उन्हाळ्यात एसी लागणार नाही? साहेब, बसा जरा. पाणी देऊ?"

वेड्याला पाजावं तसं हेडक्लार्कला पाणी पाजलं गेलं. शेवटी 'एसी, एक' असं मोघम लिहून आणि उपयोगाची जागा कोरी सोडून परवानगी मिळाली, ती श्यामलाबाईंच्या भावाची मफलरवाल्याशी ओळख निघाली म्हणून.

यंत्र बसलं. गवंड्यानं खिडकीचे गज कापले, आणि ते हिरवं धूड गल्लीकडे तोंड करून विराजमान झालं. आता एअरकंडिशनरची बटणं तोंडाकडे असतात. म्हणजे यज्ञेश्वररावांच्या घरातल्या उबेची बटणं सार्वजनिक रस्त्यावर आली. येणारा-जाणारा एक बटण फिरवून पुढे जाऊ लागला. ग्रामस्थ देवळातली घंटा वाजवतात त्याच निर्मळ भावनेनं. आणि एअरकंडिशनरच्या पाठीचा धडधडाट, जो एरवी रस्त्याला ऐकू जायचा, तो खोलीत आला.

पण ऊब आली. दुपारी यंत्र चालू केलं आणि थोड्याच वेळात पुढच्या खोलीत चैत्र आला. यज्ञेश्वरराव बंडी काढून बसले. श्यामलाबाईंनी दारातून डोकावून पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत नवऱ्याबद्दल असं काही दिसलं की जे लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीनंतर दिसलं नव्हतं.

बाहेर मात्र बोंब उठली. यंत्राच्या तोंडातून तिरका निघणारा गार झोत थेट शेजारी सगुणाबाईंच्या ओट्यावर जात होता.

"यज्ञेश्वरा, मला मारायचं असेल तर सरळ मार," त्या डोक्यावरून शाल घेऊन आल्या. "थंडी घरातून काढून शेजाऱ्याच्या दारात टाकायची, ही कुठली रीत? केर असा टाकतोस का?"

हे बरोबर होतं, आणि बरोबर होतं म्हणूनच यज्ञेश्वररावांना राग आला. "सगुणाकाकू, हे बुवांसाठी आहे. देवकार्य आहे."

"मग देवळाकडे तोंड कर त्याचं."

बहिरूला मात्र यंत्र फार आवडलं. त्यानं लगेच दुधाच्या किटल्या झोताखाली ठेवल्या आणि तो गल्लीत बिनघोर गप्पा मारू लागला. श्यामलाबाईंनीही लोण्याचं भांडं यंत्राच्या कडेला टेकवून ठेवलं. "अर्धा का होईना, फ्रिज आला," त्या म्हणाल्या.

आणि दिवे लागायच्या सुमाराला, गारठा उतरू लागला तसं यंत्र एकदा खाकरलं आणि बंद पडलं.

बटणं फिरवून झाली. फ्यूज पाहून झाला. दिवाकरराव बोलावल्याशिवाय आले, हात मागे बांधून यंत्राच्या तोंडापुढे उभे राहिले आणि समाधानानं म्हणाले, "बिघडलेलं नाही. याच्या तोंडाशी गारवा ओळखणारी नळी असते. समोरची हवा पुरेशी थंड झाली की यंत्राला वाटतं, आपलं काम झालं. मग ते थांबतं."

"पण गल्ली त्यानं थंड केलेली नाही. गल्ली आपली आपण थंड झाली."

"ते त्याला काय कळणार? त्याच्या दृष्टीनं गल्ली म्हणजे शेटची केबिन."

म्हणजे हे यंत्र दुपारी, जेव्हा ऊब नको, तेव्हा ऊब देणार. आणि पहाटे, जेव्हा बुवांचा गळा थंडीच्या तोंडी असणार, तेव्हा कर्तव्य पुरं झाल्याच्या समाधानात झोपणार. यज्ञेश्वररावांना सरकारी नोकरीत अशी माणसं बरीच भेटली होती. पण ती त्यांनी बायकोच्या फ्रिजच्या पैशांनी विकत आणलेली नव्हती.

"मी म्हटलंच होतं, तत्त्वतः," दिवाकरराव म्हणाले आणि समोरच्या दक्षिणमुखी घरात गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे तेच तापमापक घेऊन येणार होते.

यज्ञेश्वरराव खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहिले. त्यांना बुवांची रिकामी गादी दिसत होती. हळदीच्या दुधाचा प्याला समोरच्या घरी जाणार, तिथे मिऱ्याची चिमूट कोण मोजून घालणार? गर्गे मिरपूड डब्यातून शिंपडतात. कीर्तनाला निघताना बुवा वळून "चला यज्ञेश्वर" म्हणत, ते आता म्हणणार ते 'दिवाकर' असं.

श्यामलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, त्या नळीला गारवा कळतो ना? मग तिला ऊन लागल्यासारखं करा. तोंडाशी शेगडी धरा."

"कुठे?"

"बाहेर. गल्लीत. धूर बाहेरच्या बाहेर."

यज्ञेश्वररावांनी डोकं वर केलं. खोलीत शेगडी नको म्हणून यंत्र आणलं, आणि यंत्र चालावं म्हणून गल्लीत शेगडी पेटवायची. यात काहीतरी चुकतंय असं त्यांना अंधुकसं वाटलं. पण अशा वेळी माणसानं विचार करत बसू नये.

पहाटे दिवाकरराव कानटोपी घालून आले, तेव्हा यज्ञेश्वरराव घोंगडी पांघरून दाराबाहेर स्टुलावर बसलेले होते. दोन्ही हातांनी चिमट्यात शेगडी यंत्राच्या तोंडाशी उचलून धरलेली. यंत्र धडधडत होतं आणि त्याचा बर्फगार झोत त्यांच्या तोंडावर येत होता.

"हे काय?"

"शेकतोय," यज्ञेश्वरराव म्हणाले. "स्वतःच्या दारात माणसानं शेकूही नये का?"

दिवाकरराव आत गेले. बऱ्याच वेळानं बाहेर आले. तापमापक त्यांनी दोनदा झटकून पाहिला असावा. कानटोपी काढून हातात घेतलेली होती आणि कपाळावर बारीक घाम होता. "धूर नाही," ते मोठ्या कष्टानं म्हणाले.

बुवा यज्ञेश्वररावांकडे उतरले.

आता पूर्वरंग संपला असं समजा. पुढचे दिवस यज्ञेश्वररावांच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे आणि सगळ्यात गारठ्याचे गेले. बुवा उबेत झोपत. धडधडाटाची कुणी माफी मागितली तर म्हणत, "असू द्या, खर्ज चांगला आहे." त्यांचा आवाज असा लागला की जुनी माणसं सांगू लागली, असा तरुणपणीही लागला नव्हता. कीर्तनाच्या वेळी मात्र यंत्र बंद ठेवावं लागे, कारण ते सुरू झालं की गल्लीतले दिवे मिणमिणत आणि देवळातल्या कर्ण्याचा आवाज गेल्या वर्षीच्या बुवांसारखा होई.

आणि रोज पहाटे, बुवा गाढ झोपेत असताना, यज्ञेश्वरराव बाहेर स्टुलावर. पुढून यंत्राचा झोत, मागून गोदेवरचा वारा. शेगडीचा धूर कुठे जायचा? समोर झोत असल्यामुळे तो थेट त्यांच्याच नाकातोंडात. सगुणाबाईंनी वाटेवरून जाताना एकदा विचारलं, "कुणाचं प्रायश्चित्त घेतोयस रे?" बहिरू किटल्या ठेवताना म्हणाला, "काका, म्हैस बरी होती."

दिवाकरराव दुपारी बुवांकडे चहाला येत. "कल्पना अशी, बुवा," असं त्यांचं सुरू होई. उष्णता, उपसा, बर्फाळ मुलूख. यज्ञेश्वरराव आतून मिऱ्याची चिमूट आणेपर्यंत निम्मं यंत्र दिवाकररावांच्या नावावर झालेलं असे. मध्ये बोलायला तोंड उघडावं तर खोकला येई. पाचव्या दिवशी ध्रुपद उचलताना आवाज चिरकला. सहाव्या दिवशी नुसती हवा निघाली. झांज मात्र ते वाजवत राहिले.

सातव्या दिवशी पहाटे बुवांना जरा लवकर जाग आली. ते गल्लीत आले आणि त्यांनी स्टुलावरची ती मूर्ती पाहिली. घोंगडी, शेगडी, चिमटा, तोंडावर झोत. यज्ञेश्वररावांनी गडबडीनं शेगडी लपवायचा प्रयत्न केला. पेटती शेगडी घोंगडीत लपवता येत नाही, हे त्यांना चटका बसल्यावर कळलं. बुवांनी झोतापुढे हात धरून पाहिला आणि ते आत गेले.

त्या संध्याकाळी देऊळ ओट्यापर्यंत भरलं होतं. उत्तररंगाला बुवांनी कमरेला उपरणं घट्ट बांधलं, चिपळ्या सरसावल्या आणि म्हणाले, "आज पुराणातलं आख्यान नाही. याच गल्लीतलं सांगतो."

आणि दिवसभरात गल्लीत विचारून जमवलेलं सगळं त्यांनी सांगितलं. उलटं यंत्र, रस्त्यावरची बटणं, सगुणाबाईंचा ओटा. देऊळ हसून हसून लोळलं. यज्ञेश्वरराव मागे झांज धरून उभे, कान लाल. मग बुवांनी आवाज खाली आणला. "थंडीतही ऊब असते मंडळी. आपल्याला जाणवत नाही, पण असते. ती उपसून आणायला कुणीतरी लागतो. ही कल्पना आपल्या दिवाकररावांची. मोठी कल्पना आहे."

दाराशी बसलेल्या दिवाकररावांनी नम्रपणे मान लववली. टाळ्या पडल्या.

यज्ञेश्वरराव पुढे सरसावले. देवळात, देवासमोर, कीर्तनाच्या गादीवरून असत्य? त्यांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. फुंकणीतून यावी तशी हवा आली.

बुवा त्यांच्याकडे वळून पाहत होते. "पण यंत्राला वाटलं, गल्ली थंड झाली, आपलं काम संपलं," ते म्हणाले, आणि आता ते सभेला सांगत नव्हते. "ज्याचं काम संपत नाही तो बाहेर बसला होता. माझा गळा राहावा म्हणून स्वतःचा घालवून. वर्षानुवर्षं ध्रुपद उचललं ते यांनी. आज ते तुम्ही उचला."

बुवांनी पद टाकलं. दाराबाहेर उभ्या असलेल्या बहिरूपासून शाल पांघरलेल्या सगुणाबाईंपर्यंत सगळ्या देवळानं ध्रुपद उचललं. एरवी ताल चुकवणाऱ्यांनीसुद्धा. यज्ञेश्वररावांना समोरची समई नीट दिसेना.

आरतीनंतर बुवांनी त्यांच्या कपाळाला बुक्का लावला आणि मिठी मारली. भक्तीनं भरून आलेल्या त्या क्षणी, उरलासुरला सगळा प्राण गळ्यात गोळा करून, यज्ञेश्वरराव बुवांच्या कानात कुजबुजले, "बुवा, कल्पना माझी. त्यांनी नुसता फ्रिज दाखवला."

"ठाऊक आहे," बुवा तितक्याच हळू म्हणाले. "टाळ्या त्यांना देऊन टाकल्या. तुम्हाला द्यायला दुसरं होतं." आणि स्वतःच्या गळ्यातला लोकरी पट्टा काढून त्यांनी यज्ञेश्वररावांच्या गळ्याभोवती गुंडाळला.

इथे यज्ञेश्वररावांचा राग विरघळला असता. विरघळतही होता. पण तेवढ्यात गर्दीतून वाट काढत दिवाकरराव आले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सुंदर मांडलं हो बुवांनी. मी तुम्हाला पहिल्याच दिवशी म्हटलं होतं ना, तत्त्वतः..."

यज्ञेश्वररावांकडे उत्तर द्यायला आवाज नव्हता. झांज होती. त्यांनी ती दिवाकररावांच्या कानाशी नेली आणि अंगातलं सगळं बळ लावून वाजवली.

देवळातल्या मंडळींना वाटलं, यज्ञेश्वरराव भक्तीनं बेभान झाले. सगळ्यांनी हात वर केले, आणि नामाचा गजर पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.